खालची ओळ

गेल्या महिन्यात शैलाताई इंगळे यांची शोकसभा झाली. ग्वाल्हेरच्या लष्कर भागात आमच्या मराठी मंडळाचा लांबट हॉल आहे, तिथे. साठेक माणसं होती, त्यात बायका जास्त. फोटोला हार घातला होता आणि फोटोपुढे कुणीतरी निळ्या झाकणाची पाण्याची बाटली ठेवली होती. ती पाहून दोघीतिघी हसल्या आणि मग डोळ्यांना पदर लावू लागल्या.

बोलता बोलता अध्यक्षांनी माझ्याकडे हात केला. "ताईंचं दुखणं ओळखलं गेलं ते आपल्या राजूरकर साहेबांमुळे. ऑफिसात ते ताईंचे बडे बाबू होते. त्यांनी ताईंच्या सगळ्या तक्रारी एका कागदावर उतरवल्या नसत्या तर डॉक्टरांना काही कळलं नसतं. ताई स्वतः हे प्रत्येकाला सांगायच्या. साहेब, दोन शब्द बोला न."

मी उभा राहिलो. तोंडाला कोरड पडली. "फार चांगल्या होत्या," एवढं म्हणून खाली बसलो. टाळ्या वाजवायची ती जागा नव्हती, म्हणून बरं.

ऑटोतून घरी येताना माझी बायको सुधा शेजारी होती. सिटी सेंटरच्या वळणावर म्हणाली, "आज तरी सांगायचं होतंत."

म्हणून हे लिहितो आहे. मंडळाच्या अंकाला शैलाताईंविषयी लेख हवाच होता. माझं वय अठ्ठ्याहत्तर आहे, आणि बोलताना जे जमत नाही ते मला आयुष्यभर कागदावरच जमलं आहे. चांगलंही आणि वाईटही.

जुन्या दप्तरांचं आमचं सरकारी कार्यालय फूलबागेच्या बाजूला होतं. मी तिथे बडे बाबू, म्हणजे मुख्य कारकून. संस्थानी काळातले मोडी लिपीतले कागद तिथे लाल कापडाच्या रुमालांत बांधून ठेवलेले असत. कुणाला जमिनीचा, देवळाच्या पूजेचा, इनामाचा जुना कागद लागला की त्यानं अर्ज करायचा. मग कागद शोधायचा, वाचायचा आणि नागरीत नक्कल करून द्यायची. शैलाताई मोडीवाचक होत्या. ठेंगण्या, सडसडीत, डोळ्यांवर सावलीतसुद्धा काळपट चष्मा. इंगळ्यांचे पूर्वज दक्षिणेतून तलवार घेऊन आले होते, वडील बस डेपोत होते, आणि मोडी त्या शिकल्या आजोबांच्या जुन्या वह्यांवरून, केवळ हौसेनं. आम्ही राजूरकर म्हणजे दरबारातले कारकून. मोडी आमच्या घरची, असा माझा समज होता. तिथूनच सगळं सुरू झालं, पण ते पुढे.

त्यांचं वाचन ऐकण्यासारखं असे. आधी कागद खिडकीच्या उजेडाकडे धरून मनात वाचायच्या, नुसते ओठ हलायचे. मग मोठ्यानं. दहाएक ओळी झाल्या की उठायच्या, व्हरांड्यात जायच्या, तिथल्या कट्ट्यावर ठेवलेल्या बाटलीतून दोन घोट प्यायच्या आणि परत यायच्या. कागदाजवळ पाणी नको, हा नियम त्यांनी स्वतःच घातला होता. दिवसातून तीसचाळीस फेऱ्या सहज होत. आमचा तिवारी बाबू म्हणायचा, "लो, मॅडम का इंजन फिर गरम हो गया." आम्ही हसायचो. त्याही हसायच्या. "हो न, जुनी गाडी आहे. पाणी मागते."

बोटाला थुंकी लावून पान उलटणाऱ्यावर मात्र त्या चिडत. "तिवारीजी, तुमच्या तंबाखूची ओल त्या कागदाला कशाला? दीडशे वर्षं टिकलाय बिचारा." मग स्वतःच्या खर्चानं त्यांनी बँकेत कॅशियरजवळ असते तशी ओल्या स्पंजची डबी आणली. तिवारी म्हणाला, "आप तो कभी थूक नहीं लगातीं मॅडम, बडी साफ हैं." त्या म्हणाल्या, "असेल तर लावीन न! माझ्या जिभेवर पोस्टाचं तिकीटसुद्धा ओलं होत नाही." ही गोष्ट त्यांनी विनोदासारखी सांगितली आणि आम्ही विनोदासारखी ऐकली.

नकलेच्या कामात एक रीत होती, तिला मुकाबला म्हणत. एकानं जुना कागद, म्हणजे असल, मोठ्यानं वाचायची. दुसऱ्यानं नकलेवर बोट फिरवत प्रत्येक ओळीला "हूं" म्हणायचं. नकलेत काही वेगळं असलं की हूं थांबायचं. सगळं जुळलं की खाली "असल बरहुकूम नक्कल" असं लिहून दोघांनी सह्या करायच्या. नवीन लोकांना त्या एकच गोष्ट शिकवायच्या. "दिसतं तेवढं वाचायचं. वाटतं ते वाचायचं नाही." कुणी घाई केली की म्हणायच्या, "कागदाला घाई नसते, बडे बाबू. तुम्हाला असते."

त्या गर्विष्ठ आहेत असं ऑफिसात बऱ्याच जणांचं मत होतं. याला कारण झाली गजक. हिवाळ्यात आमच्याकडे तिळगुळाची कुरकुरीत गजक घरोघरी येते. तिवारीच्या घरी मुलगा झाला तेव्हा त्यानं सगळ्यांच्या टेबलांवर गजक ठेवली. शैलाताईंनी हात जोडले, "घरी नेते." तिवारीचं तोंड उतरलं. "हमारे यहाँ का नहीं चलेगा क्या, मॅडम?" त्यांनी एक तुकडा तोंडात घातला. चावल्या, चावतच राहिल्या. मग घाईनं व्हरांड्यात गेल्या, आणि बराच वेळ खोकण्याचा आवाज आला. परत आल्या तेव्हा चष्म्याखाली डोळे लालबुंद. "फार छान आहे," त्या तिवारीला म्हणाल्या. तिवारी नंतर माझ्या कानाशी म्हणाला, "नाटक देखा आपने?"

मी पाहिलं होतं, आणि मलाही ते नाटकच वाटलं होतं.

दुसरं भांडण पंख्याचं. मे महिन्यात, लूचा तापलेला वारा वाहत असताना, त्या आपल्या टेबलावरचा पंखा बंद करायला सांगायच्या. म्हणायच्या, वाऱ्यानं डोळ्यांत वाळू जाते. "कुठून आली वाळू, खिडक्या तर बंद आहेत," मी विचारलं. त्या म्हणाल्या, "बाहेरची नाही, आतलीच आहे." अशा उत्तराचं काय करायचं? मी पंखा चालू ठेवला.

आता सनदेची गोष्ट. आमच्या घरी पणजोबांच्या नावाची एक सनद काचेत लावलेली होती. येणाऱ्याजाणाऱ्याला मी ती दाखवत असे. काच फुटली तेव्हा नवीन चौकट करायला नेताना वाटेत मी ती ऑफिसात घेऊन आलो. खरं तर दाखवायलाच आणली होती. शैलाताईंनी कागद उजेडाकडे धरला, वाचला, आणि हळूच म्हणाल्या, "बडे बाबू, छान जपलीत. पण ही असल नाही. नक्कल आहे. इथे खाली लिहिलंय बघा, असल बरहुकूम."

त्यांनी हे अगदी हळू सांगितलं. पण तिवारी मागेच उभा होता. "अरे! तो राजूरकर साहब के यहाँ कॉपी टँगी है इतने साल से?" आठवडाभर ऑफिसात तोच विषय. ती ओळ मी लहानपणापासून पाहत आलो होतो. कधी वाचली नव्हती.

त्यानंतरच्या वर्षी शैलाताईंच्या रजा वाढल्या. त्या तेव्हा छप्पन्न वर्षांच्या होत्या. रजेचा प्रत्येक अर्ज माझ्याकडून पुढे जायचा. एकच दुखणं असतं तर कुणी काही बोललं नसतं. पण कधी डोळे, कधी दाढ, कधी गुडघे. महिन्याभरात पुन्हा दुसरी दाढ. कधी अंगात कणकण आणि थकवा, इतका की जिना चढवत नाही. थायरॉइडची तपासणी. थंडीत बोटं पांढरी पडून बधिर होतात म्हणून रजा. आणि पन्नाशी उलटलेल्या बाईला गालगुंड! दोन्ही गाल सुजलेले. त्या दिवशी तर तिवारीनं अर्ज सगळ्यांना वाचून दाखवला. डॉक्टरही प्रत्येक वेळी वेगळे. डोळ्यांचे वेगळे, दातांचे वेगळे, हाडांचे वेगळे. आता लिहिताना मला दिसतं, की डोळ्यांच्या डॉक्टरनं डोळा पाहिला, दातांच्यानं दात पाहिला, आणि सगळी बाई फक्त माझ्या फाइलीत होती.

मी एक कागद घेतला आणि वर्षभरातले सगळे अर्ज तारीखवार, कारणासह, एकाखाली एक उतरवले. सुवाच्य अक्षरात. कामाला मी पक्का होतो. आमच्या ऑफिसचा व्यवहार हिंदीत चाले, म्हणून यादीच्या खाली हिंदीत एक ओळ लिहिली: "आवेदिका के कारण हर बार भिन्न हैं, विश्वसनीय प्रतीत नहीं होते." सही केली आणि कागद साहेबांकडे पाठवला. एक कार्बन प्रत नेहमीप्रमाणे स्वतःजवळ ठेवली.

मी चौकशी केली असं नाही. मला राग होता, आणि रागाला मी तारखा लावून दिल्या.

आठवड्यात दोन आदेश आले. एक, शैलाताईंना मोडीच्या टेबलावरून आवक-जावक विभागात बसवावं. दोन, त्यांची तपासणी सरकारी वैद्यकीय मंडळाकडून व्हावी. त्यांनी आपला चष्म्याचा डबा, स्पंजची डबी आणि भिंग उचललं आणि खालच्या मजल्यावर गेल्या. तिथे लिफाफ्यांना तिकिटं लावायची होती. जाताना माझ्या टेबलाशी थांबल्या. "रुमालांना वाळवी लागू देऊ नका हं," एवढंच म्हणाल्या.

वैद्यकीय मंडळात डॉक्टर भदौरिया नावाच्या एक वयस्कर बाई होत्या. पुढचं मला शैलाताईंनी सांगितलं तसं लिहितो. डॉक्टरीणबाईंनी माझा कागद वाचला, पुन्हा वाचला. मग विचारलं, "ये लिस्ट किसने बनाई?"

"आमच्या बडे बाबूंनी."

"अच्छा काम किया. सबके पास एक-एक टुकड़ा था, इसमें पूरा है. मुँह सूखता है? रोटी बिना पानी के उतरती है?"

शैलाताई म्हणाल्या, "मॅडम, मी तर गजकसुद्धा खाऊ शकत नाही." आणि त्यांना रडू आलं, म्हणजे रडण्याचा आवाज आला. डोळ्यांत पाणी आलं नाही. ते किती वर्षांपासून येत नव्हतं हे त्यांनाही आठवेना.

मग पापणीच्या आत टीपकागदासारखी पट्टी अडकवून पाच मिनिटं बसवलं. पट्टी जवळजवळ कोरडीच निघाली. "आयुष्यभर शाई टिपताना पाहिला तो कागद," त्या मला म्हणाल्या, "माझ्या डोळ्यांत टिपायला त्याला काही सापडलंच नाही." रक्त तपासलं. ओठाच्या आतला छोटासा तुकडा काढून तपासला. मग नाव कळलं: शोग्रेन. शरीराचं रक्षण करणारी यंत्रणा चुकून आपल्याच लाळेच्या आणि अश्रूंच्या ग्रंथींवर उलटते. त्या नावाला घाबरायच्या नाहीत, वैतागायच्या. "परदेशी नाव, माझ्या जिभेला चिकटूनच बसतं," म्हणून घरी त्याला नुसतं 'कोरडं दुखणं' म्हणत.

डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं त्यांना तोंडपाठ होतं आणि ते त्यांच्याकडून ऐकून ऐकून मलाही झालं आहे. हे दुखणं दुर्मिळ नाही. ओळखू येत नाही म्हणून दुर्मिळ वाटतं. पुरुषांना होतं, तरुणांनाही होतं, पण बायकांना फार जास्त, आणि बहुतेक चाळिशीपन्नाशीत, जेव्हा कुठल्याही तक्रारीला 'वय झालं' हे उत्तर तयार असतं. बाई म्हणते तोंड सुकतं, घरचे म्हणतात पाणी पी. कधी ते एकटं येतं, कधी संधिवाताच्या किंवा दुसऱ्या एखाद्या अशाच आजाराच्या मागोमाग. थायरॉइड बिघडतं, सांधे दुखतात, थंडीत बोटं पांढरीनिळी होतात. लाळ नाही म्हणून दात किडतात. थकवा तर असा की झोपून उठलं तरी जात नाही. काहींच्या फुफ्फुसांना, काहींच्या नसांना त्रास होतो. थोड्यांच्या बाबतीत गाठींचा कर्करोगही होऊ शकतो, म्हणून दर भेटीला गाल आणि मान चाचपून घ्यायची. मुळासकट बरं होत नाही. डोळ्यांत थेंब, एक गोळी जी मलेरियालाही देतात, दातांची काळजी आणि डॉक्टरांचं लक्ष. एवढ्यावर माणूस बरीच वर्षं नीट जगतो.

म्हणजे तीच यादी. मी ती वाचून म्हटलं, ही बाई बहाणे करते. डॉक्टरीणबाईंनी ती वाचून म्हटलं, या बाईला एकच आजार आहे. अक्षर एकच, तारखा त्याच.

दुखण्याचं नाव कळलं त्याच्या दुसऱ्या दिवशी शैलाताई पेढे घेऊन माझ्या टेबलाशी आल्या. स्वतःचं दुखणं सापडलं म्हणून पेढे वाटणारी बाई मी दुसरी पाहिली नाही. "बडे बाबू, पंधरा वर्षं मला वाटत होतं मीच कुरकुरी आहे. घरचे म्हणायचे मनाचं आहे. तुम्ही सगळं एका कागदावर लिहिलंत म्हणून कळलं. तुमचे उपकार मी विसरणार नाही." डॉक्टरांनी दिलेली माझ्या यादीची झेरॉक्स त्यांच्या हातात होती. खालची ओळ तिच्यात नव्हती. डॉक्टरीणबाईंनी झेरॉक्स काढून तेवढा भाग खालून कापला असावा.

मी पेढा खाल्ला.

त्याच वेळी त्यांनी विचारलं, "आता माझं टेबल परत मिळेल का? चारच वर्षं उरली आहेत. पुष्कळ रुमाल अजून कुणी उघडलेसुद्धा नाहीत."

"वर विचारतो," मी म्हणालो.

मी विचारलं नाही. विचारायचं तर आधीची नोंद चुकीची होती असं लिहावं लागलं असतं, माझ्या सहीनं. वैद्यकीय मंडळाचा अहवाल फाइलीला लागला, रजा मंजूर झाल्या, पण बदलीचा आदेश तसाच राहिला. त्यांनी महिन्यादोन महिन्यांनी आणखी एकदा विचारलं. मी म्हणालो, "चाललंय." मग त्यांनी विचारणं सोडलं. दोन वर्षांनी मी निवृत्त झालो तेव्हा निरोपसमारंभात त्या खालच्या मजल्यावरून वर आल्या आणि सगळ्यांसमोर यादीची गोष्ट सांगितली. मला शाल आणि नारळ दिला. आणखी दोन वर्षांनी त्या निवृत्त झाल्या, तिकिटांच्याच टेबलावरून. मोडीच्या खुर्चीवर पुढे कुणी बसलंच नाही.

नंतरच्या शैलाताई तुम्ही सगळ्यांनी पाहिल्या आहेत. गोरखीजवळ त्यांचं दोन खोल्यांचं घर, पुढे गच्ची. हळदीकुंकवाला गेल्या तरी त्यांचं लक्ष वाणाकडे नसे. कोण पाण्याशिवाय लाडू खात नाही, कोण सारखे डोळे चोळतंय, तिकडे असे. दर गुरुवारी दुपारी बायका त्यांच्याकडे येत. "मी डॉक्टर नाही हं," आधी हे बजावून मग म्हणायच्या, "एक कागद घे. जे जे होतं ते सगळं एकाखाली एक लिही. डोळ्याचं डोळ्याला, दाताचं दाताला असं वाटू नकोस." कागद घेऊन त्या बाईला डॉक्टरकडे पाठवायच्या. पुष्कळ जणींना हे दुखणं नसायचंच. एकीला साखर निघाली. माझ्या सुधाचं तोंड सुकायचं, ते झोपेच्या एका गोळीमुळे. गोळी बदलली, सुकणं गेलं. पण काही जणींना निघालं. त्यात तिवारीची बायको होती. तिचा संधिवात जुना होता, आणि हे त्याच्यासोबत मुकाट्यानं आलं होतं. तिवारी भर गच्चीत शैलाताईंच्या पाया पडला. "मॅडम, वो गजक वाली बात..." त्या म्हणाल्या, "गजक चांगली होती, तिवारीजी. खरंच."

आणि आलेल्या प्रत्येकीला त्या माझी गोष्ट सांगायच्या.

दोन वर्षांपूर्वीच्या पौषात मी कार्बन कॉपी ट्रंकेतून काढली आणि त्यांच्याकडे गेलो. सुधाला आदल्या दिवशी सगळं सांगितलं होतं. ती म्हणाली होती, "मला सांगून काय उपयोग? जा."

त्या गच्चीत उन्हाला बसल्या होत्या, हातांत लोकरी मोजे. "या, बडे बाबू. काय आणलंत?"

"एक कागद आहे. वाचून दाखवायचाय."

"असल की नक्कल?"

"कार्बन."

"मग मुकाबला करू." त्या आत गेल्या आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत जपलेली ती झेरॉक्स घेऊन आल्या. मोजा काढून पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. "वाचा."

मी वाचू लागलो. तारीख, डोळ्यांची जळजळ. हूं. तारीख, दाढ. हूं. गुडघे. हूं. थकवा. हूं. बोटं बधिर. हूं. गालगुंड. इथे त्या जराशा हसल्या. हूं. शेवटची नोंद झाली.

"माझा कागद इथे संपतो," त्या म्हणाल्या.

"माझा संपत नाही."

जीभ टाळूला चिकटली. त्यांनी निळ्या झाकणाची बाटली माझ्याकडे सरकवली. मी दोन घोट प्यालो आणि ती हिंदी ओळ वाचली. या वेळी हूं आलं नाही.

"हे सरकारी झालं," त्या म्हणाल्या. "मराठीत सांगा."

"ही बाई खोटं बोलते, असं मी लिहिलं होतं."

त्यांनी झेरॉक्स उजेडाकडे धरली, जुना कागद धरायच्या तशी. "ही झेरॉक्स आखूड आहे, ते मला पहिल्या दिवसापासून दिसतंय. कागद खाली कापलेला दिसला की वाचणारा विचारतोच, खाली काय होतं? पण जे दिसत नाही ते कसं वाचणार? म्हटलं, कधीतरी तुम्हीच सांगाल. का लिहिलंत?"

मी सनदेची गोष्ट सांगितली. त्या आठवायचा प्रयत्न करत राहिल्या. मग म्हणाल्या, "कुठली सनद?" त्यांना खरंच आठवत नव्हती. ज्या गोष्टीचा मी वर्षभर डूख धरला, ती त्यांनी त्या दिवशीच विसरून टाकली होती.

"आणि टेबल?" त्यांनी विचारलं. "वर विचारलं होतंत?"

"नाही."

त्यांनी चष्मा काढला, मान मागे टाकून दोन्ही डोळ्यांत थेंब घातले आणि डोळे मिटून बसून राहिल्या. "ओळीचं काही नाही," त्या म्हणाल्या. "माझ्या घरच्यांनीही तेच म्हटलं होतं, फक्त लिहिलं नव्हतं. टेबलाचं लागलं. ते रुमाल मला अजून दिसतात."

मी माफी मागितली. त्यांनी "असू द्या" म्हटलं नाही.

मी एक दुरुस्तीपत्र लिहून नेलं होतं, दीड पानांचं. त्यांनी ते वाचून घेतलं आणि एकेक शब्द काढायला लावला. 'सहनशील' काढलं. 'थोर' काढलं. 'मी पापी' काढलं. शेवटी उरलं ते असं: वरील सर्व कारणे एकाच आजाराची होती व खरी होती. खालची ओळ ही लिहिणाऱ्याची चूक आहे. टेबल परत मिळण्याबाबत त्याने विचारणा केली नाही. मी सही केली आणि त्यांच्यापुढे पेन धरलं.

"माझी सही नको," त्या म्हणाल्या. "दुसरी सही नकलेवर लागते. ही असल आहे. न्या, तुमच्या घरी एक तरी असल असू द्या." मग हसल्या.

"आता निदान ती गोष्ट सांगत जाऊ नका," मी म्हणालो.

"का नाही? यादी तुमचीच होती. ते खरं आहे, ते मी सांगणार. खालची ओळ माझी नाही. ती तुम्हाला सांगायची तेव्हा तुम्ही सांगा."

निघायला उठलो तर म्हणाल्या, "थांबा. बोटं वळत नाहीत आता माझी. गुरुवारी लिहायला माणूस लागतो. अक्षर तुमचं चांगलं आहे."

तेव्हापासून दोन हिवाळे मी दर गुरुवारी जात होतो. बायका सांगायच्या, मी लिहायचो, त्या ऐकायच्या.

शेवटचा गुरुवार या माघातला. फुफ्फुसांनी साथ सोडायला सुरुवात केली होती. बोलताना मध्ये थांबावं लागत होतं. बँकेत काम करणारी तिशीतली एक मुलगी आली होती. "आँटी, मला वाटतं हे सगळं माझं टेन्शनच आहे. डॉक्टर भी यही बोले. लेकिन डोळे इतके जळतात न, स्क्रीन बघवत नाही..." ती सांगत गेली, मी लिहीत गेलो. सांगून झाल्यावर तिनं ओढणीशी चाळा करत आमच्याकडे पाहिलं, एखाद्या चुकीबद्दल बोलावलं असावं तशी.

"वाचा," शैलाताई म्हणाल्या. त्यांनी थेंब घातले होते, डोळे मिटलेले, तोंड उन्हाकडे. मी एकेक ओळ वाचली. प्रत्येक ओळीला त्यांचं बारीक हूं येत होतं. यादी संपली. मी पेन ठेवलं नव्हतं. त्यांना ते न बघता कळलं असावं.

"बडे बाबू, खालची ओळ मोकळी ठेवलीत न?"

"ठेवली."

"हूं," त्या म्हणाल्या.